देवाच्या बाजूने खोटे बोलावे काय?



मनुष्यास देवाने निर्माण केले की तो खालच्या प्राण्यांपासून हळूहळू उत्पन्न झाला, याविषयी आपल्या मंडळ्यांतून वारंवार बोलणे निघते. मुले शाळेतून एक ऐकून येतात, उपासनेत दुसरे ऐकतात. आणि वर्तमानपत्रांत, व आता तर प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर, नित्य काही नवे वाचावयास मिळते. आज अमुक देशात हाड सापडले, उद्या तमुक डोंगरात कवटी सापडली. एक म्हणतो, डार्विनचे मत सिद्ध झाले. दुसरा म्हणतो, ते पार कोसळले. त्या वादाचा निकाल लावण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्या वादाच्या अगोदर उभा असलेला एक प्रश्न आहे, आणि तो विज्ञानाचा नसून नीतीचा आहे. ज्या देवास आपण सत्याचा देव म्हणतो, त्याचा पक्ष घेताना असत्याची मदत घेण्यास आपण मोकळे आहोत काय?

कोणी म्हणेल, असा प्रश्न ख्रिस्ती मनुष्यास विचारणेच अयोग्य; नववी आज्ञा लहान लेकरांसही पाठ आहे. खरे आहे. परंतु जे असत्य आपल्या विरुद्ध चालून येते, ते आपण दुरून ओळखतो. जे आपल्या मदतीस येते, त्यास आपण बसावयास पाट देतो, आणि तू कोण, कोठून आलास, हे विचारीत नाही. म्हणून दोन हकिकती सांगतो. एक आपल्या पक्षातली आहे व एक दुसऱ्या पक्षातली. आपल्या अंगणाची झाडलोट प्रथम, या न्यायाने आपली आधी.

चार्ल्स डार्विन हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १९ एप्रिल १८८२ रोजी मरण पावला. त्याच्याविषयी ख्रिस्ती व्यासपीठांवरून एक गोष्ट सांगण्यात येते, ती अशी: मरणसमय जवळ आला तेव्हा डार्विनला आपल्या मताचा पश्चात्ताप झाला. एक भाविक बाई त्यास भेटावयास गेली, तो तो बिछान्यावर पडून इब्री लोकांस लिहिलेले पत्र वाचीत होता. त्याने आपले सिद्धांत टाकून दिले, ख्रिस्ताची थोरवी गायिली, आणि आपल्या नोकरचाकरांस व शेजाऱ्यांस येशूविषयी सांगावे अशी तिला विनंती केली. ही गोष्ट ऐकून कोणाचे अंतःकरण उचंबळणार नाही? ज्याचे नाव घेऊन लोक आपल्या विश्वासाची थट्टा करितात, तोच शेवटी प्रभूच्या चरणी आला! मंडळी ‘आमेन’ म्हणते आणि उपदेशकाचे काम सोपे होते.

आता या गोष्टीचे मूळ पाहू. ती बाई म्हणजे लेडी एलिझाबेथ होप. त्या काल्पनिक नव्हत्या. त्यांचे वडील सर आर्थर कॉटन यांचे नाव आपल्या देशास परके नाही; आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राजवळ पोहोचते, तेथे धवलेश्वरम येथील प्रचंड बंधारा त्यांनीच बांधविला, व तो १८५२ साली पुरा झाला. लेडी होप यांनी स्वतः इंग्लंडात मजूरवर्गात सुवार्तेचे व दारूबंदीचे काम केले. त्यांनी ही हकिकत डार्विनच्या मरणानंतर तेहतीस वर्षांनी, १९१५ साली, अमेरिकेत नॉर्थफील्ड या गावी भरलेल्या सभेत सांगितली. हे गाव प्रसिद्ध सुवार्तिक मूडी यांचे. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ‘वॉचमन-एक्झामिनर’ नावाच्या बाप्तिस्त साप्ताहिकात ती छापली गेली. छापलेल्या हकिकतीत डार्विनने आपला सिद्धांत सोडल्याचे स्पष्ट शब्द नाहीत. तरुणपणी आपले विचार अपक्व होते व लोकांनी त्यांचाच धर्म करून टाकिला, एवढा खेद मात्र आहे. मृत्युशय्या, पश्चात्ताप व मतत्याग हे दागिने पुढे सांगणाऱ्यांनी एकेक करून तिच्या अंगावर घातले.

या गोष्टीविरुद्ध साक्ष कोणाची? डार्विनची कन्या हेन्रिएटा लिचफील्ड हिची. तिने १९२२ साली ‘द ख्रिश्चन’ याच नावाच्या लंडनच्या पत्रात प्रसिद्ध केले की, वडिलांच्या अंतसमयी ती स्वतः जवळ होती. लेडी होप त्यांच्या शेवटच्या दुखण्यात किंवा इतर कोणत्याही दुखण्यात तेथे नव्हत्या. आणि वडिलांनी आपली शास्त्रीय मते, तेव्हा किंवा त्यापूर्वी, कधीही मागे घेतली नाहीत. जेम्स मूर या इतिहासकाराने पुष्कळ शोध करून १९९४ साली या दंतकथेवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या मते लेडी होप यांची डार्विनशी भेट १८८१ च्या अखेरीस झालीही असेल. परंतु त्याचे मन फिरल्याची कथा मात्र टिकत नाही. डार्विनने स्वतः १८७९ सालच्या एका पत्रात आपणांस अज्ञेयवादी म्हणविले आहे. म्हणजे देव आहे की नाही हे आपणांस ठरविता येत नाही, असे मानणारा.

हेन्रिएटेने ही गोष्ट नाकारली त्यास शंभर वर्षे होऊन गेली. नाकारली तीही एका ख्रिस्ती पत्रात. तरी गोष्ट मेली नाही; पत्रकांत छापली जाते, उपदेशांत येते, आता मोबाइलवरून गावोगाव पोहोचते. सांगणारे लबाड असतात असे नव्हे. बहुतेक जण सरळ मनाचे असतात. त्यांनी ती दुसऱ्या सरळ मनाच्या मनुष्याकडून ऐकलेली असते. परंतु ती खरी आहे काय, हे कोणी विचारीत नाही. कारण ती खरी असावी अशी सर्वांची इच्छा असते.

आता दुसऱ्या पक्षातली हकिकत. १८ डिसेंबर १९१२ रोजी लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सभेपुढे एका मोठ्या शोधाची वार्ता सांगण्यात आली. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात पिल्टडाउन गावाजवळ खडीच्या खाणीत एका कवटीचे तुकडे व अर्धा जबडा सापडला होता. कवटी मनुष्याची दिसे. जबडा वानराचा दिसे. शोधणारा चार्ल्स डॉसन हा वकिलीचा धंदा करून फावल्या वेळी जुन्या वस्तू गोळा करणारा गृहस्थ होता. त्याच्या सोबतीस ब्रिटिश म्युझियममधील भूगर्भशास्त्राचे प्रमुख आर्थर स्मिथ वुडवर्ड होते. मनुष्य व वानर यांमधील हरवलेला दुवा सापडला, आणि तो इंग्लंडातच सापडला, याचा त्या राष्ट्रास केवढा अभिमान! त्या प्राण्यास डॉसनच्या नावावरून लॅटिन नाव देण्यात आले. १९३८ साली त्या जागी दगडी स्मारकही उभारिले.

पुढे काय झाले? जमिनीत पुरलेले हाड तेथील पाण्यातील फ्लोरीन नावाचे द्रव्य हळूहळू शोषून घेते. एकाच जमिनीत जे हाड अधिक काळ राहिले, त्यात ते अधिक आढळते. केनेथ ओकली या शास्त्रज्ञाने १९४९ साली या रीतीने परीक्षा केली, तेव्हा ही हाडे सांगितली तितकी प्राचीन नाहीत असे दिसले. नोव्हेंबर १९५३ मध्ये ओकली, वायनर व ले ग्रो क्लार्क या तिघांनी सर्व उघड केले. कवटी मनुष्याचीच होती, जबडा अर्वाचीन वानराचा होता. दात मनुष्याच्या दातांसारखे दिसावेत म्हणून कानशीने घासलेले होते, आणि सर्व तुकड्यांस रंग देऊन जुनेपण आणिले होते. एकेचाळीस वर्षे एक लबाडी विद्वानांच्या सभेत मानाच्या आसनावर बसली होती. तो जबडा ओरांगउटान जातीच्या वानराचा, हे आता निश्चित झाले आहे. आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधात असा निर्णय दिला आहे की, हे सर्व एकाच मनुष्याचे काम असावे, आणि तो बहुधा डॉसन. डॉसन १९१६ सालीच मरण पावला होता.

ही दुसरी हकिकत आपल्या उपदेशकांस फार प्रिय आहे, आणि ती सांगण्यास काही हरकत नाही, कारण ती खरी आहे. परंतु ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. ‘पाहा, शास्त्रज्ञ फसले!’ येथे उपदेशक थांबतो. ती लबाडी पकडली कोणी, हे तो सांगत नाही. ती पाळकांनी पकडली नाही, वर्तमानपत्रांनी पकडली नाही. ज्या विज्ञानाची ती फसवणूक होती, त्यानेच तिला पकडून चव्हाट्यावर आणिले. दुसरीही एक गोष्ट तो सांगत नाही. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग येथे एका लहान बालकाची कवटी सापडली व रेमंड डार्टने ती पुढील वर्षी जगापुढे मांडिली; पण पिल्टडाउनच्या कवटीशी तिचा मेळ बसेना, हे एक कारण होऊन इंग्लंडातील मोठमोठ्या पंडितांनी ती पुष्कळ वर्षे बाजूस सारिली. म्हणजे पिल्टडाउनच्या लबाडीने विकासवाद्यांचीच वाट अडविली होती. ती दूर झाल्याने त्यांची इमारत कोसळली नाही, उलट त्यांस आपला हिशेब नीट जुळविता आला. हे आपणांस रुचो अथवा न रुचो, खरे आहे. आणि पिल्टडाउनचे नाव घेऊन जो ‘म्हणून सर्व विकासवाद खोटा ठरला’ असे म्हणतो, तो ऐकणाऱ्यास अर्धे माप घालतो.

अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने आपल्या लोकांस बजाविले आहे की, थैलीत दोन प्रकारची वजने, एक मोठे व एक लहान, ठेवू नका. आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्या आपल्या बंधूंस याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. घेताना जड वजन, देताना हलके. मनुष्याच्या बुद्धीच्या थैलीतही अशीच दोन वजने असतात. शास्त्रज्ञाची वार्ता आली की आपण जड वजन काढितो: पुरावा कोठे? पाहिले कोणी? आणि आपल्या पक्षाची वार्ता आली की हलके वजन पुरते: कोणीतरी सांगितले, कोठेतरी छापले आहे. डार्विनच्या मुलीची साक्ष आपण ऐकून घेत नाही, आणि तेहतीस वर्षांनंतरची एक हकिकत मात्र डोळे मिटून घेतो. पिल्टडाउनच्या भक्तांनी हेच केले. त्यांस जे पाहिजे होते तेच त्या खाणीतून निघाले, म्हणून त्यांनी त्या दातांकडे नीट पाहिले नाही. दोन्ही पक्ष एकाच पापात पडले. आणि न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो, असे पेत्र प्रेषित शिकवितो.

येथे कोणी सालस मनुष्य विचारील, ‘पाळकसाहेब, गोष्ट पुरी खरी नसेल, पण तिने एखादा आत्मा प्रभूकडे वळला, तर काय बिघडले?’ हा प्रश्न प्रेमाने विचारलेला आहे. पण त्याचे उत्तर पवित्र शास्त्रात कठोर शब्दांत दिलेले आहे. बरे व्हावे म्हणून वाईट करू या, असे म्हणणाऱ्यांविषयी पौल रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहितो की, त्यांस दंड होणे योग्यच आहे. त्याच्याही पुष्कळ पूर्वी ईयोबाने आपल्या मित्रांस हाच प्रश्न विचारला होता. ते मित्र देवाची बाजू मांडावयास बसले होते, आणि त्याकरिता त्यांनी ईयोबाविषयी जे खरे नव्हते ते सांगितले. ईयोब त्यांस तेराव्या अध्यायात विचारितो की, तुम्ही देवासाठी अन्यायाचे बोलणे बोलणार काय? त्याचा पक्षपात करणार काय? आणि पुस्तकाच्या शेवटी परमेश्वराचा राग कोणावर भडकतो? तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. देवाचे वकीलपत्र घेऊन खोटे बोलणाऱ्या त्या मित्रांवर. हे वाचून प्रत्येक उपदेशकाने भ्यावे.

याहून मोठे कारण आहे, आणि या लेखात जे मुख्य सांगावयाचे ते हेच. आपला धर्म एका साक्षीवर उभा आहे. ख्रिस्त मेला, पुरला गेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला; हे ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या सांगण्यावर आपण आपले जिवंतपण व मरण सोपविले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल स्वच्छ म्हणतो की, ख्रिस्त उठला नसेल तर आम्ही देवाविषयी खोटे साक्षी ठरलो. पौलाने यास लहान दोष मानिले नाही. असे असेल तर सर्वच व्यर्थ, असे तो म्हणतो. म्हणजे साक्ष खरी असणे हाच आपल्या विश्वासाचा पाया.

आता कल्पना करा. आपल्या एखाद्या खेड्यातील मुलगा मोठ्या गावी कॉलेजात जातो. आईबापांनी शेत गहाण ठेवून त्यास पाठविलेले असते. लहानपणी मंडळीत त्याने डार्विनच्या पश्चात्तापाची गोष्ट ऐकली होती, आणि ती तो आपल्या सोबत्यांस मोठ्या आवेशाने सांगतो. एक सोबती पाच मिनिटांत पुस्तक उघडून दाखवितो की, ही गोष्ट खरी नाही. मुलगा खाली मान घालतो. त्या रात्री त्याच्या मनात कोणता प्रश्न येईल? डार्विनचा नव्हे. तो म्हणेल, ‘ज्या तोंडाने मला ही गोष्ट सांगितली, त्याच तोंडाने रिकाम्या कबरेची गोष्ट सांगितली. तीही अशीच असेल काय?’ त्या लेकराचा विश्वास विज्ञानाने नेला असे आपण मग घरी बसून म्हणू. पण खरे पाहता त्याच्या पायाखालचा दगड आपणच पोकळ ठेविला होता. लहानांस अडखळविणाऱ्याविषयी आपल्या प्रभूने जे सांगितले, ते आठवून अंग थरथरते.

मग शंका घेऊच नये काय? अवश्य घ्यावी. थेस्सलनीकाकरांस पौलाने सर्व गोष्टींची पारख करण्यास सांगितले आहे, आणि विज्ञानाची वार्ता त्यातून सुटत नाही. अशी वार्ता वाचताना तीन प्रश्न पुरतात. प्रत्यक्ष काय सापडले? त्यावरून काय अनुमान काढिले? आणि त्यावर कल्पनेने काय चढविले? १९२२ साली अमेरिकेच्या नेब्रास्का प्रांतातील एक दात ऑस्बर्न नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने उच्च कोटीच्या वानराचा ठरविला. सापडले काय? एक झिजलेला दात. परंतु लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने त्यावरून पुरुष व स्त्री यांचे संपूर्ण चित्र छापिले. १९२७ साली असे प्रसिद्ध झाले की, तो दात पेकरी नावाच्या डुकरासारख्या प्राण्याचा होता. पण हेही सांगितले पाहिजे की, त्या चित्रास ऑस्बर्नने स्वतःच मान्यता दिली नव्हती, व चूक दुरुस्त केली ती शास्त्रज्ञांनीच.

हे जुने झाले म्हणाल, तर एप्रिल २०२५ मधील पाहा. दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीशी झालेली ‘डायर वुल्फ’ नावाची लांडग्याची जात अमेरिकेतील एका कंपनीने पुन्हा जिवंत केली, अशी वार्ता जगभर पसरली. झाले काय होते? आजच्या राखाडी लांडग्याच्या पेशींतील चौदा जनुकांत वीस फेरफार करून तीन पिले जन्मास आणिली होती. कौशल्य मोठे, यात शंका नाही. पण मेलेली जात उठली असे म्हणणे निराळे, आणि हे निराळे. पुष्कळ शास्त्रज्ञांनीच त्या मोठ्या मथळ्यास हरकत घेतली. मथळा ओरडतो, आणि खरी गोष्ट आत बारीक अक्षरात बसलेली असते. शहाण्याने बारीक अक्षर वाचावे.

मात्र हेच तीन प्रश्न आपल्या पक्षाच्या वार्तेसही लावावे. टेक्सास प्रांतात पॅलक्सी नदीच्या पात्रात, डायनोसॉर या लोप पावलेल्या प्रचंड प्राण्यांच्या पावलांजवळच मनुष्याची पावले उमटली आहेत, असे निर्मितिवादी ख्रिस्ती मंडळी कित्येक वर्षे सांगत होती. त्याविषयी चित्रपटही निघाला. परंतु बारकाईने पाहता ती लांबट पावलेही त्याच प्राण्यांची दिसू लागली. तेव्हा १९८६ च्या सुमारास त्या चित्रपटाच्या चालकांनीच तो दाखविणे थांबविले. त्यांचा सृष्टिनिर्मितीवरील विश्वास कमी झाला नाही; परंतु खोट्या ठरणाऱ्या पुराव्यावर त्यांनी हात ठेविला नाही. असे करण्यास धैर्य लागते. जो आपलेच खोटे वजन बाजारात मोडून टाकितो, त्याच्या दुकानी लोक निर्भयपणे जातात.

आता कोणी विचारील, आपण स्वतः काय मानावे? आम्ही ते झाकून ठेवीत नाही. आज जगातील बहुतेक सर्व जीवशास्त्रज्ञ प्राण्यांचा विकास मानितात, हे लपवू नये. प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्यांतही, देवाने याच रीतीने सृष्टी केली असे म्हणणारे होऊन गेले. डार्विनचा मित्र अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे त्यांपैकी एक. आमच्या मनास मात्र त्या मताविषयी पुष्कळ शंका आहेत. आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत निर्जीव द्रव्यांपासून जिवंत पेशी उत्पन्न झालेली नाही. १९५३ साली स्टॅन्ली मिलरने काचपात्रात वायू व पाणी घालून विजेच्या ठिणग्यांनी जीवनास लागणारी काही द्रव्ये तयार केली. तेव्हापासून आजपर्यंत विटा मिळाल्या, पण घर उभे राहिले नाही. तथापि एवढ्यावर आपला विश्वास टेकवू नये. उद्या ते घर उभे राहिले, तर काय देव नाहीसा होईल? तो आपल्या अज्ञानाच्या भेगांत राहणारा देव नाही. ज्या गोष्टी आपणांस समजतात, त्यांचाही कर्ता तोच आहे.

आपला विश्वास कशावर टेकतो? मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे यावर. आणि या प्रतिरूपाची खूण पिल्टडाउनच्या हकिकतीतही आम्हांस दिसते. त्या तीन शास्त्रज्ञांस गप्प बसता आले नसते काय? लबाडी उघड केल्याने त्यांच्याच मोठ्या संस्थेची अब्रू जात होती, थोर गुरूंची नावे बाधत होती. तरी, असत्य हे असत्यच आहे व ते झाकणे योग्य नाही, असे त्यांच्या आतून कोणी सांगितले? मनुष्य केवळ यदृच्छेने झाला व जगून राहणे एवढाच त्याचा नियम, असे असते तर स्वतःस लज्जित करणाऱ्या सत्यापुढे त्याने मान का वाकवावी? विकासवादी याचेही काही कारण देतील. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. सद्सद्विवेकबुद्धी ही परराष्ट्रीयांच्या हृदयावर लिहिलेल्या नियमशास्त्राची साक्ष देते, असे पौल म्हणतो. आणि ज्यांनी कदाचित देवाचे नावही घेतले नसेल, त्यांनी त्या दिवशी नववी आज्ञा पाळिली. मग ज्यांस ती आज्ञा सीनाय पर्वतावरून मिळाली आहे, त्यांनी ती डार्विनला हरविण्यासाठी मोडावी काय?

आणखी एक सांगावयाचे राहिले. खोट्या डार्विनपेक्षा खरा डार्विन आपणांस अधिक शिकवितो. तो तरुणपणी पाळक होण्याच्या हेतूने केंब्रिजमध्ये शिकला होता. १८५१ साली त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी वारली, आणि ते दुःख त्याच्या मनातून कधी गेले नाही. पुष्कळ चरित्रकार म्हणतात की, त्याच्या विश्वासाचा उरलेला तंतू तेव्हाच तुटला. ज्यांनी आपल्या लेकरास मातीत ठेविले आहे, ते अशा मनुष्याची थट्टा करणार नाहीत. दक्षिण अमेरिकेच्या टोकास असलेल्या टिएरा देल फ्युएगो या बेटावरील लोक त्याने तरुणपणी पाहिले होते. त्यांची सुधारणा होणे अशक्य असे त्यास वाटे. पुढे तेथे मिशनऱ्यांच्या कामास फळ आल्याचे त्याने ऐकिले, तेव्हा आपला समज चुकला हे त्याने कबूल केले, आणि त्या मिशनला तो वर्गणी पाठवीत असे. ही गोष्ट खरी आहे. व्यासपीठावरून डार्विनविषयी काही सांगावयाचेच असेल, तर ही सांगावी. तिच्यात त्याचा पश्चात्ताप नाही. परंतु सुवार्तेच्या फळापुढे एका अविश्वासी मनुष्याने दिलेला प्रामाणिक कबुलीजबाब आहे, आणि तो आपणांस पुरे.

यास्तव उपदेशकांस, शब्बाथशाळेच्या शिक्षकांस व आईबापांस विनंती आहे. जी गोष्ट कोठून आली हे ठाऊक नाही, ती प्रभूच्या नावाने सांगू नका. मोबाइलवर जे आले ते पुढे पाठविण्यापूर्वी, न्यायसभेत शपथेवर आपण हे सांगू काय, असे स्वतःस विचारा. मुलाने विज्ञानाचा प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर ‘मला ठाऊक नाही, आपण शोधू’ असे म्हणा. त्याने तुमचा मान जाणार नाही. विरुद्ध पक्षाचे म्हणणे सांगताना, त्या पक्षाचा मनुष्य समोर बसला आहे असे समजून सांगा. आणि आपल्या पक्षाची एखादी आवडती गोष्ट खोटी ठरली, तर ती सोडून देताना भिऊ नका.

कराराचा कोश बैलांच्या ठेचेने हलला, तेव्हा उज्जाने तो सावरण्यासाठी हात पुढे केला. हेतू चांगला होता. परंतु त्या कोशास त्याच्या हाताची गरज नव्हती. ज्याने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली, त्यास आपल्या खोट्या गोष्टींचा टेकू नको आहे. त्याने आपणांकडे एकच मागितले आहे: आपण त्याचे खरे साक्षी व्हावे. तेवढे होण्याची कृपा तो आपल्या सर्व मंडळ्यांस देवो.